हिरव्याकडे कललेली रोपं

भर दुपारी ज्याला रात्र हवी असेल, त्याने तिच्या कामाच्या खोलीत यावं. आधी एक दार, मग माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, मग काळा जाड पडदा आणि मग दुसरं दार. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला नियम. नवीन माणूस तो एकदाच मोडतो, सगळ्यांची रोपं वाया घालवतो आणि मग जन्मभर पाळतो. आत भिंतीही काळ्या. कोपऱ्यात खांद्याच्या उंचीवर एकच हिरवा दिवा, इतका मंद की आत आल्याआल्या तो विझलेलाच वाटतो. मग तळ्याच्या तळाशी डोळे उघडावेत तसं हळूहळू टेबल दिसू लागतं, सूक्ष्मदर्शक दिसू लागतो, आणि फळ्यांवर ओळीने उभी असलेली काकडीची रोपं.

ही रोपं हिरवी नसतात. उजेड म्हणजे काय हे ठाऊक नसलेली, फिकट, लांबुडकी, मान खाली घातलेली. त्यांना निळा उजेड लागला की कळतो, तांबडा लागला की कळतो. हिरव्याचं मात्र त्यांना काही नसतं, म्हणून माणसांनी आत वावरायचं ते हिरव्यात. ‘हिरव्यात झाडं आंधळी’ हे तिथलं वाक्य. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच सांगायचे, आणि पुढे कुणी त्याचा विचार करत नसे.

आई गेल्यावर ती कामावर परतली, तेव्हा बाहेरच्या खोलीत वटवाघूळ बसलेलं होतं. हा तिचा सहकारी. त्याला खरं नाव होतं, पण सतत अंधाऱ्या खोलीत लटकलेला असल्यामुळे ते सगळे विसरले होते, बहुधा तोही.

“आलीस? बरं झालं,” तो म्हणाला. मग गडबडला. “म्हणजे, बरं नाही झालं. म्हणजे तू आलीस ते बरं झालं. जे झालं ते...”

“कळलं रे.”

“मला असलं बोलता येत नाही.”

“नको बोलूस. सुया केल्यास का?”

“डबाभर केल्यात,” तो सुटका झाल्यासारखा म्हणाला. बोलता न येण्याची भरपाई त्याने सुया करून केली होती.

तिचं काम टोचण्याचं. काचेची नळी तापवून ओढायची, की तिला केसाहूनही कितीतरी बारीक टोक येतं. ते टोक रोपाच्या देठातल्या एका पेशीत अलगद शिरवायचं. प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो, पेशीपटल. आतला आणि बाहेरचा विद्युतभार त्याने वेगळा राखलेला असतो, धरणाच्या भिंतीने पाणी राखावं तसा. सुई आत गेली की बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर एक रेघ खाली उतरते आणि तिथे स्थिर चालू लागते. मग रोपावर निळ्या उजेडाचा एक झोत टाकायचा. पापुद्र्याच्या आतल्या अंगाला एक प्रथिन चिकटून बसलेलं असतं. उजेड त्याला लागतो, ते आपला आकार किंचित बदलतं, आणि त्याच्या इशाऱ्यावर पापुद्र्यातली दारं उघडतात. थोपवलेला भार सुटतो आणि ती स्थिर रेघ टेकडीसारखी वर चढते. पुढे सावकाश खाली येते.

आणि रोप? ते होतं तसंच उभं असतं. पान हलत नाही, मान उचलत नाही. बघणाऱ्याला वाटेल, याच्यापर्यंत काही पोचलंच नाही. ते वळतं, सरळ होतं, हिरवं होतं, पण पुष्कळ नंतर.

हे सगळं तिने आईला सांगितलं होतं. आई आजारी पडली आणि उजेड तिला सोसेनासा झाला तेव्हा.

आई पोहायला शिकवायची. आयुष्यभर तलावाच्या काठावर उभं राहून, शिटी गळ्यात अडकवून, पाण्यातल्या पोरांवर ओरडल्यामुळे तिचा आवाज घरातही काठावरचाच असे. मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. अशा बाईला डोक्यातल्या दुखण्याने खोलीत कोंडलं. खिडकीच्या फटीतून येणारी उजेडाची चीरही तिच्या डोळ्यांत सुरीसारखी जायची. मुलीने मग आपली विद्या घरी आणली. खिडकीवर दुहेरी काळं कापड लावलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. काळोख करावा तर तिनेच. आणि कामावरचा एक जादा हिरवा दिवा आणून खुर्चीच्या पाठीला चिमट्याने, तोंड पुढे वळवून अडकवला. त्या उजेडात आईचे डोळे दुखत नसत. खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला होती. दिवा इतका मंद की त्यात खोलीतली एकच गोष्ट उजळायची: खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा.

खोली इतकी चांगली अंधारी झाली, की तिने रोपांचा एक ट्रेही घरी आणून पलंगाच्या पायथ्याच्या बुटक्या कपाटावर ठेवला. रजा असली तरी रोपं तयार राहतील, हा हिशेब.

“माझ्या आजारपणातही धंदा केलास,” आई म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण तलावाचा काठ सुटला नव्हता. “त्यांच्या मानेला काय झालंय?”

“माती फोडून वर यायचं असतं. कोंबाला इजा होऊ नये म्हणून मान वाकवून येतात. उजेड लागला की सरळ होतात.”

“सूर मारताना हेच सांगते मी पोरांना, डोकं वाचव. ऐकतं कोण?” मग थोड्या वेळाने, “आणि मी दिसते का गं त्यांना?”

“नाही. हिरव्यात ती आंधळी.”

“बरंय. केस विंचरलेले नाहीत माझे.”

दारात उभे असलेले बाबा हसले. बाबा चष्म्याच्या काचा घासणारे. आईला तिच्या आयुष्यातला पहिला चष्मा त्यांनीच लावला होता. “चष्मा लावायच्या आधी लग्नाचं विचारलं म्हणून हो म्हणाली,” ते सांगत. “नंतर विचारलं असतं तर काही खरं नव्हतं.”

आईला एकच गोष्ट पटत नव्हती. “डोळे नाहीत, मेंदू नाही. मग उजेड लागतो कुठे?”

तिने पापुद्रा सांगितला, प्रथिन सांगितलं, दारं सांगितली. आई डोळे मिटून ऐकत होती.

“म्हणजे थंड पाण्यात पाय घातला की अंगावर काटा येतो, तसं.”

“जवळजवळ.”

“जवळजवळ काय? तसंच. माणूस अजून पोहायला लागलेला नसतो, पण कातडीला पाणी कळलेलं असतं.”

त्यानंतर आई फार बोलली नाही. एका सकाळी तिने डोळे उघडले नाहीत, आणि मग शेवटपर्यंत ती तशीच राहिली, उताणी, शांत, पाण्यावर तरंगायला सोडल्यासारखी. डॉक्टर यायचे. मोठ्याने हाक मारायचे, नख दाबून बघायचे, पापणी उचलायचे. “प्रतिसाद नाही,” म्हणायचे, आणि पुन्हा तेच, थोडं हळू आवाजात.

हा शब्द तिच्या रोजच्या वापरातला होता. म्हणूनच तो तिला नीट लागला. तरी ती रोज त्या खुर्चीत येऊन बसायची. मांडीवर पुस्तक उघडं, अक्षरं जेमतेम लागणारी. काही बोलायची नाही. त्या दोघींच्यात बोलायचं काम नेहमी आईचं होतं. डोळे भरले तर भरू द्यायची, पुसायची नाही. बघायला होतं कोण? खोली मंद हिरवी, भिंती कुठे संपतात ते कळत नसे. कधी तिला वाटे की आपण त्या जुन्या तलावाच्या तळाशी बसलो आहोत, वर कुठेतरी आई काठावर उभी आहे, आणि शिटी वाजायची तेवढी बाकी आहे.

शिटी वाजली नाही. एका दुपारी श्वास थांबला, इतक्या हळू, की ती आणखी दोन पानं वाचत होती.

तेव्हापासून तिच्यापाशी एकच प्रश्न होता. मी तिथे बसले होते, ते तिच्यापर्यंत पोचलं का?

मावशीला त्यात प्रश्नच दिसत नव्हता. “तिला सगळं कळत होतं गं,” ती फोनवर म्हणाली.

“तुला कशावरून माहीत?”

“असं असतंच.”

असतंच, म्हणजे कुणी बघितलेलं नसतं. तिला असं सांत्वन घेता येत नसे. चाखून न बघता ‘छान झालंय’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं ते तिला वाटे. पण नकारही तसाच होता, आणि तो तिने मुकाट्याने घेतला होता. पापणी हलली नाही, बोट हललं नाही, म्हणजे पोचलं नाही. एवढं सरळ.

बाबांनी खोली होती तशीच ठेवली. पडदा बंद, दिवा चालू. दुकानातून जेवायला घरी आले की तिथेच पलंगाच्या कडेवर बसायचे.

“दिवा तरी बंद करू या,” ती म्हणाली.

“राहू दे. तुझ्या त्या पोरांना पाणी घालायला दिसावं लागतं मला.”

“कुठल्या पोरांना?”

त्यांनी पायथ्याकडे मान हलवली. ट्रेची तिला आठवणही राहिली नव्हती. आईने डोळे मिटल्यावर तिने केवळ सवयीने त्यात नवं बी पेरलं होतं आणि विसरून गेली होती. बाबांनी मात्र रोज चमच्याने पाणी घातलं होतं.

“सगळी तुझ्या खुर्चीकडे झुकलीत बघ,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, तुझी सवय झाली असेल त्यांना.”

ती वाकून बघू लागली. रोपं अजून फिकटच होती, मानही वाकलेलीच होती. पण देठ सरळ नव्हते. वाऱ्यात उभं राहिल्यासारखे सगळे एकाच बाजूला कललेले होते. फार नाही, पण एकूण एक.

“खिडकीतून उजेड येत असणार.”

“खिडकी त्या बाजूला आहे.”

खरंच, खिडकी उलट दिशेला होती. तरी तिने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. कुठे फट नव्हती. दाराकडे जाऊन पाहिलं. दार पायथ्याच्या समोर, रोपांच्या पाठीशी. डाव्या अंगाला एकच गोष्ट होती, खुर्ची, आणि तिच्या पाठीला अडकवलेला दिवा.

ती पलंगावर बाबांच्या शेजारी बसली. तिच्या मनात एकदम दोन माणसं जागी झाली. एक म्हणत होतं, हे खोटं ठरू दे. हे खरं असेल, तर आजवर मोजलेली प्रत्येक रेघ पुन्हा मोजावी लागेल; तिची, वटवाघळाची, सगळ्यांची. ज्याला आम्ही अंधार म्हणत आलो तो अंधार नव्हताच. आणि दुसरं? ते फक्त त्या कललेल्या देठांकडे बघत होतं.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी तिने वटवाघळाला सांगितलं, “आज मी आतला हिरवा दिवासुद्धा बंद करणार आहे.”

“मग तुला सुई कशी दिसणार?”

“सुई हिरव्यात टोचायची, मग दिवा बंद. रेघ स्थिर झाली की पुन्हा लावायचा. निळा झोत नाही, काही नाही. फक्त हिरवा.”

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या माणसांनी या खोलीत कामं केली, पण हे कुणी केलं नव्हतं. टोचायला दिवा लागायचा, म्हणून दिवा लावलेला असायचा; आणि दिवा लावलेल्या खोलीत जी रेघ दिसे, तिलाच सगळे अंधारातली रेघ म्हणत.

“बाईंना विचारलंस?” बाई म्हणजे त्यांच्या प्रमुख.

“विचारलं तर नको म्हणतील.”

“मग मला तरी कशाला सांगितलंस? माझीही मान अडकवलीस,” तो म्हणाला आणि पडद्यासमोर बसला.

ती आत गेली. सुई पेशीत शिरली, बाहेरून त्याने “रेघ उतरली” म्हणून सांगितलं. तिने हात लांब करून दिवा बंद केला.

असा काळोख तिने कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, हे पापणीला हात लावून बघावं लागलं. आपला हात कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते, ते कळेना. श्वासाचा आवाज येत होता, तो आपलाच असावा असं तिने ठरवलं. समोर हाताच्या अंतरावर ते रोप होतं. दोघंही सारखीच आंधळी. आईने तिला पहिल्यांदा खोल पाण्यात नेलं होतं, तेव्हा सांगितलं होतं, ‘धडपडू नकोस. हात-पाय सोड. पाणी तुला उचलतंय का, ते आधी बघ.’ ती हात-पाय सोडून बसली.

“रेघ खाली चाललीय,” बाहेरून आवाज आला. “अजून खाली. इतकी खाली मी कधी पाहिली नाही.” मग बराच वेळ काही नाही. मग, “थांबली.”

तिने दिवा लावला.

पुन्हा तेच हिरवं तळं, टेबल, सुई, रोप. रोप होतं तसंच उभं होतं. मान खाली, देठ निश्चल. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. काही नाही.

“अगं, काय केलंस?” दाराबाहेरून आवाज आला. “रेघ उचलली गेली!”

ती रोपाकडेच बघत राहिली.

“ऐकलंस का? लहान आहे, सावकाश आहे, पण चढतेय. बटणाचा धक्का बसला असेल. पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. मग दिव्यावर काळं कापड टाकून बटण दाबलं. धक्का तोच, ऊब तीच, उजेड नाही. रेघ सरळ चालत राहिली. कापड काढलं, रेघ उचलली गेली. रोप बदललं, तरी तेच. वटवाघूळ बाहेरून दर वेळी “हलली” किंवा “नाही” एवढंच सांगत होतं, आणि ती आत बसून न हलणाऱ्या रोपाकडे बघत होती. शेवटी तो उठला. मग रीतसर आधी एक दार, मग दुसरं, असं करत आत आला आणि तिच्याजवळ उभा राहिला. तिच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड होता आणि गाल ओले होते.

“इतकं काही वाईट नाहीये,” तो चाचरत म्हणाला. “सगळं पुन्हा मोजू. मी सुया करतो.”

“वाईट नाहीच,” ती म्हणाली.

बाईंनी रेघा पाहिल्या. एकदा चष्मा लावून, एकदा काढून.

“मला हे अजिबात आवडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बहुतेक खरं असणार. दिवा कसा तपासला?” तिने कापडाचं सांगितलं. “हूं. एवढ्या वर्षांत एकाही गाढवाला हे सुचलं नाही. त्यात मीही आले. तुला कसं सुचलं?”

“घरी एक ट्रे राहून गेला होता,” ती म्हणाली. “खुर्चीपाशी दिवा होता.”

बाईंना आईचं ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. “त्या खोलीतला हिरवा दिवा आजपासून बंद,” एवढं म्हणाल्या. “तुझ्या घरचा जमा करायची घाई नाही.”

घरी बाबा खोलीतच होते. ती खुर्चीत बसली आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. धंद्यातला माणूस असून काचा कायम सदऱ्याने पुसायचे, आई त्यावरून ओरडायची.

“म्हणजे काकडीला दिसलं,” ते म्हणाले.

“थोडंसं. दिसलं म्हणजे, लागलं.”

“तुझी आई काकडी नव्हती.”

“नव्हती.”

“काकडीपेक्षा बरीच हुशार होती.”

“बरीच,” ती म्हणाली, आणि दोघांना हसू आलं. त्या खोलीत आई गेल्यावर कुणी हसलं नव्हतं. आवाज जरा मोठाच झाला.

“यावरून आईचं काही सिद्ध होत नाही, बाबा,” हसू ओसरल्यावर ती म्हणाली. “मला माहीत आहे ते. पण हललं नाही म्हणजे पोचलं नाही, असं मी धरून चालले होते. ते धरता येत नाही, एवढंच.”

बाबांनी कललेल्या रोपांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तू बसायचीस तेव्हा खोलीत दुसरं काही दिसायचंच नाही,” ते म्हणाले. “दारातून मलाही तेवढंच दिसायचं. काळोख, आणि मधे तुझं तोंड.”

मग ते उठले. खुर्चीच्या मागे जाऊन त्यांनी दिव्याचं बटण स्वतःच बंद केलं. क्षणभर सगळं बुडालं. काळोखात त्यांची पावलं, खिडकीपाशी त्यांचं चाचपडणं, चिकटपट्टी ओढल्याचा लांब, कुरकुरता आवाज. कापडाची एक बाजू खाली लोंबली आणि दुपार आत आली. पलंग, उशी, आईचा कंगवा, सगळं आपापल्या जागी, आपापल्या रंगात. डोळ्यांना सवय नव्हती, दोघांनीही आडवा हात धरला.

तिने ट्रे उचलून खिडकीत आणून ठेवला. उन्हात रोपं अगदीच पांढुरकी दिसत होती. अजून खुर्चीकडेच कललेली होती. बाबा कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभे राहिले, काही घडेल म्हणून.

“काही होत नाहीये,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“होतंय, बाबा. दिसायला वेळ लागतो.”

“मग बसू,” बाबा म्हणाले, आणि तिच्यासाठी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली.